वाचकांचे प्रश्न : नि:पात झालेले डालेक परत कसे येतात?

प्रश्न : ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे जुने-नवे भाग मी सध्या पाहतो आहे. डालेक नावाच्या परग्रहवासी शत्रूंचा प्रत्येक वेळी समूळ नि:पात होतो आणि पुढे ते पुन्हा हजर होतात. लेखकांना नवा शत्रू सुचत नाही, की प्रेक्षकांनाच जुना हवा असतो? — एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, पण डालेकांच्या बाबतीत कथेइतकाच करारपत्रांचा आणि जमाखर्चाचाही हात आहे. मुळात ही मालिका सुरू झाली तेव्हा बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना बटबटीत डोळ्यांचे राक्षस तिच्यात नकोच होते. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांनी मात्र टेरी नेशन यांची डालेकांची कथा लावून धरली. 21 डिसेंबर 1963 च्या भागाच्या शेवटी प्रेक्षकांना डालेक दिसला नाही. दिसला तो बार्बरा या पात्राच्या रोखाने पुढे सरकणारा एक दांडा, ज्याच्या टोकाला मोरी तुंबल्यावर वापरतात तसला रबरी पंप होता, आणि भिंतीला पाठ लावून किंचाळणारी बार्बरा. पुढच्या आठवड्यापर्यंत बाकीचे काम प्रेक्षकांच्या कल्पनेने केले.

माणसाला पोशाख चढवून राक्षस उभा केला की त्याचे पाय त्याचे बिंग फोडतात. रचनाकार रेमंड कुसिक यांनी ते पायच झाकले, चेहरा काढून टाकला आणि त्याच्या जागी एक दांड्यावरचा डोळा ठेवला. आत बसलेला कलाकार जमिनीवर पाय रेटत सांगाडा पुढे नेई, आणि बोलताना डोक्यावरचे दिवे लुकलुकत, म्हणजे चार सारख्या डालेकांतला बोलतो आहे कोण, हे कळावे. आवाज रिंग मॉड्युलेटर या उपकरणातून जाऊन खरखरीत होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढलेल्या नेशन यांनी या पत्र्याच्या कवचात नाझींचा वंशद्वेष भरला होता, आणि तो त्या वेळच्या ब्रिटिश घरांत कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

गंमत अशी, की त्या पहिल्याच कथेच्या शेवटी, जमिनीतून मिळणारी वीज तुटल्यामुळे सगळे डालेक मरतात. लेखकाने त्यांना परत आणण्याचा विचार केलेला नव्हता. पण मुले शाळेच्या मैदानात डालेक होऊन फिरू लागली, आणि 1964 च्या नोव्हेंबरात ते परत आले, तेही थेट लंडनमध्ये, थेम्स नदीच्या पाण्यातून वर येत. मेलेले परत कसे, याचा खुलासा एका वाक्यात उरकला होता : डालेकांच्या स्कारो या ग्रहावरची ती घटना फार पुढच्या काळातली होती. कालप्रवासाच्या मालिकेची ही सोय इतर लेखकांना हेवा वाटावा अशीच आहे.

आता कराराकडे येऊ. नेशन हे बाहेरचे लेखक असल्यामुळे डालेकांच्या हक्कांत त्यांचा वाटा राहिला. कुसिक मात्र बीबीसीचे पगारी नोकर असल्यामुळे, ज्या आकृतीची खेळणी दुकानोदुकानी विकली गेली तिच्यापायी त्यांना किरकोळ बक्षिसीच मिळाली. (मला हा हिशेब कधीच पटलेला नाही, मुलांनी विकत घेतली ती आकृती होती, संवाद नव्हेत.) पुढे नेशन यांनी डालेकांची स्वतंत्र मालिका अमेरिकेत विकण्याचा घाट घातला, आणि म्हणून 1967 च्या कथेत डालेकांचा ‘अखेरचा शेवट’ दाखवला गेला. ती मालिका झाली नाही. 1972 च्या पहिल्या दिवशी डालेक परतले, तेव्हा वापरण्याजोगे सांगाडे तीनच उरले होते, त्यामुळे त्यातली चढाई फौजेची वाटत नाही. दरम्यानच्या काळात शत्रूची जागा सायबरमन या अर्ध्या यंत्र झालेल्या माणसांनी सांभाळली. माणसाचे एकेक अवयव बदलत गेले तर माणूस किती उरेल, हा वैद्यकीय संशोधक किट पेडलर यांना पडलेला प्रश्न त्यांच्या मुळाशी होता.

मात्र जुना शत्रू परत आणण्याचा सर्वांत हुशार उपयोग 1966 मध्ये झाला, असे मला वाटते. ‘डॉक्टर’ या नायकाचे रूप कथेतच पालटून त्याची भूमिका विल्यम हार्टनेल यांच्याकडून पॅट्रिक ट्राउटन यांच्याकडे गेली होती, आणि हा नवा माणूस डॉक्टरच आहे का, असा संशय प्रेक्षकांना तर होताच, पण मालिकेतल्या त्याच्या सोबत्यांनाही होता. त्या कथेत डालेकाचा डोळा त्याच्याकडे वळतो आणि डालेक त्याला ओळखतो. मित्रांच्या आधी वैऱ्याने दिलेली ही साक्ष नव्या नटाला फार उपयोगी पडली.

परत येण्याची किंमतही शत्रूला मोजावी लागते. 1975 मध्ये डालेकांचा जनक डॅव्ह्रॉस दाखवला. ती कथा अप्रतिम आहे, पण नंतर बोलण्याचे काम तोच करू लागला आणि डालेक त्याचे पहारेकरी होऊन बसले. जिना चढता न येण्यावरून त्यांची थट्टा तर वर्षानुवर्षे चालली होती. 1988 मध्ये एका डालेकाने डॉक्टरच्या मागे तरंगत जिना चढून तिला उत्तर दिले.

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेत परग्रहवासी शत्रूंपैकी क्लिंगॉन पुन्हा पुन्हा दिसतात, रोम्युलन मात्र कमी. असे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कानांमुळे! 1966 मध्ये आधी आलेल्या रोम्युलनांना टोकदार कान लावावे लागत आणि त्यांची रंगभूषा महाग पडे. पहिल्याच भागात त्यांतल्या काहींना शिरस्त्राणे घालून तो खर्च वाचवला होता. 1967 मध्ये आलेल्या क्लिंगॉनांचे थोडा काळा रंग, भुवया आणि मिशा एवढ्यावर भागे. कपाळावरचे कंगोरे त्यांना 1979 च्या चित्रपटात मिळाले, आणि 1987 च्या नव्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत तर त्यांच्यातला वॉर्फ हा नायकांच्याच जहाजावर अधिकारी झाला. त्या मालिकेसाठी फेरेंगी हे नवे शत्रू योजले होते, पण ते भीतीऐवजी हसू आणू लागले, म्हणून 1989 मध्ये बोर्ग हे अर्धे यंत्र असलेले शत्रू आले. तेही आधी कीटक असणार होते. तेवढा पैसा नव्हता, म्हणून माणसांनाच नळ्या आणि यंत्रांचे तुकडे चिकटवले.