सेटमध्ये ७ आहे, तरी सापडत का नाही?

प्रश्न : मी नुकतेच पायथन शिकू लागले आहे. वर्गात हजर असलेल्या मुलांचे हजेरी क्रमांक इनपुटने घेऊन सेटमध्ये (प्रत्येक मूल्य एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) साठवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. आधी रिकामे महिरपी कंस लिहून सेट तयार केला, तर मूल्य भरणारी ॲड ही आज्ञा चालेना. आता ॲड चालते. परंतु ७ हा क्रमांक भरलेला असूनही तो सेटमध्ये आहे का, असे विचारल्यास उत्तर फॉल्स येते. काय चुकते आहे?

उत्तर : पहिल्या चुकीत आपल्यापेक्षा भाषेच्या इतिहासाचा दोष अधिक आहे. महिरपी कंस डिक्शनरीसाठी (की आणि मूल्य यांच्या जोड्या ठेवणाऱ्या प्रकारासाठी) आधीपासूनच वापरात होते. सेट हा अंगभूत प्रकार २००४ साली २.४ या आवृत्तीत आला आणि कंसांत मूल्ये लिहून सेट बनवण्याची सोय तर २००८ च्या ३.० मध्ये मिळाली. रिकामे कंस मात्र डिक्शनरीकडेच राहिले आणि डिक्शनरीला ॲड ही मेथड नाही. रिकाम्या सेटसाठी सेट हे नाव लिहून पुढे रिकामे गोल कंस द्यावे लागतात, ते आपण केलेले दिसते.

खरी गोम दुसऱ्या चुकीत आहे. पायथन ३ मध्ये इनपुट नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच, परत करते, त्यामुळे आपल्या सेटमध्ये ७ ही संख्या नसून ७ हे अक्षरचिन्ह आहे, आणि पायथनच्या लेखी ही दोन वेगळी मूल्ये आहेत. एकटे मूल्य प्रिंट केल्यास हा फरक दिसत नाही. पूर्ण सेट प्रिंट केल्यास मात्र प्रत्येक क्रमांकाभोवती अवतरणचिन्हे दिसतील. सेटमध्ये घालण्यापूर्वीच मूल्य इंटमधून, म्हणजे पूर्णांक बनवणाऱ्या फंक्शनमधून, काढावे. त्यामुळे ७, ०७ आणि शेवटी चुकून स्पेस पडलेले ७ ही तिन्ही एकच ठरतात; एरवी ती तीन स्वतंत्र घटक म्हणून राहिली असती. देवनागरी अंकही इंटला चालतात, ही सोय बऱ्याच जणांना ठाऊक नसते. काहीही न लिहिता एंटर दाबल्यास मात्र व्हॅल्यूएरर ही त्रुटी येईल, तेवढी काळजी घ्यावी.

ॲडऐवजी अपडेट वापरू नये, कारण ते स्ट्रिंगचे तुकडे पाडते आणि १२ चे १ व २ होतात. शिवाय सेटमध्ये क्रम टिकेल अशी हमी नसल्याने यादी छापताना मूल्ये क्रमाने लावणारे सॉर्टेड वापरावे. तेथे १० हा क्रमांक ९ च्या आधी आला, तर मूल्ये अजून स्ट्रिंगच आहेत असे समजावे.