वर्गात इंग्रजी पुरतं, वर्गाबाहेर नाही

भाऊ, तुम्ही विचारलंत, ‘जर्मनीत विद्यापीठात इंग्रजीतून शिकवायचं आहे, मुलगी तिसरीत आहे, जर्मन येत नसलं तर चालेल का?’ व्हिसाचं वकिलातीच्या साइटवर सापडेल. मी बाकीचं सांगते.

वर्गात चालतं. मास्टर्सच्या माझ्या वर्गातली निम्मी पोरं बाहेरदेशची, सगळ्यांचं इंग्रजी आपल्यासारखंच शिकून कमावलेलं. पहिलं लेक्चर संपलं तशी पोरं बाकांवर ठकठक करू लागली. नागपूरच्या हिंगणा रोडच्या कॉलेजात सात वर्षं शिकवलेली मी, मला वाटलं टिंगल चाललीय. नंतर कळलं, ही इथली टाळी. पण विभागाच्या बैठका जर्मनमध्ये, परीक्षेचे नियम जर्मनमध्ये, आणि चहाच्या वेळचे विनोद तर खास जर्मनमध्ये.

कागदांचं म्हणाल तर आपली अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागद खरे असल्याचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही. मी हौसेने शिक्के मारून आणले, ते फाइलीत पडून आहेत. त्यात जन्मदाखल्यावर आडनावाला एक ‘ए’, पदवीवर दोन. त्या एका अक्षरापायी बाबांनी उन्हाळ्यात, ४५ डिग्रीत, किती चकरा मारल्या! अजून संताप होतो.

एकटेपणा? येतो, जातो. तर्री-पोहे घरी करता येतात.

मुलीचं मात्र नीट ऐका. बव्हेरिया या जर्मनीतल्या राज्यात चौथीतच वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. इथे १ म्हणजे सगळ्यात चांगला. (लेकाला गणितात पहिल्यांदा १ मिळाला तेव्हा आई फोनवर म्हणाली, ‘एकच? काहून गं?’) पण चौथीत त्याला जर्मन ३, परिसर ३, गणित २. बरोबर २.६६. घरी मी त्याच्याशी मराठी आणि इंग्रजीच बोलायचे, वर त्याचा अभिमान बाळगायचे.

आता तो सोळाचा आहे, मजेत आहे, रेआलशूलेबद्दल त्याची काही तक्रार नाही. माझीच आहे. सरासरी हुकली तरी तीन दिवसांचा चाचणी वर्ग देऊन गिम्नाझियमला जाता येतं, हे मला मुदत टळल्यावर एका शेजारणीने सांगितलं. मी तणतणत शाळेत गेले. बाईंनी वही उघडून तारीख दाखवली. पालकभेटीत त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं होतं, आणि मी ‘या, या’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, हो’, म्हणत मान हलवली होती.