दिवसाला चार-पाच फिटनेस क्लास घेऊन कादंबरी कशी लिहायची?

तुम्ही विचारलंय, दिवसाला चार-पाच क्लास घेताना कादंबरीला वेळ कुठून काढायचा, आणि पहाटे उठून लिहिणं जमेल का. पहाटेचा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी सहाची बॅच कधी घेतलेली नाही, एवढं मी खात्रीने सांगते. मलाही हा सल्ला मिळाला होता, सोबत इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलपचं उदाहरण. साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, मग पोस्टातली नोकरी. सगळं खरं. पण साडेपाचला मी हेडसेट माइकची बॅटरी तपासत असते.

आमच्या लिहिणाऱ्यांच्या गटात एक गृहस्थ होते. वाचन दांडगं, चालणं शून्य. त्यांना मी माझी कथा वाचायला दिली. चार दिवसांनी म्हणाले, "अगं, ही कथा नाही, कवायत आहे. दिवसभर उड्या मारायच्या आणि वर भाषाही हवी, असं कसं चालेल?" सगळ्यांसमोर. मी हसले आणि घरी येऊन धुमसत बसले.

रात्री ती कथा मोठ्याने वाचली. "ती उठली. खिडकीशी गेली. पडदा सारला. थांबली." वाचताना माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. चारही वाक्यं बरोबर आठ काउंटात, म्हणजे संगीताच्या आठ ठोक्यांत, बसत होती! पुढचा परिच्छेदही तसाच. मग कळलं. स्टेप एरोबिक्सचं संगीत १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोके) आसपास, म्हणजे मिनिटाला ३२ काउंटचे चार ब्लॉक. पाय चालू स्टेप करताहेत, तोंड शेवटच्या चार काउंटांत पुढच्या स्टेपचा क्यू (इशारा) देतंय, नजर मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी आत वळणाऱ्या गुडघ्यावर. तासभर हे केल्यावर घाम पुसून वीस मिनिटांत मी लिहायला बसले होते. कानातला ठेका वहीत उतरणारच. साप्ताहिक सुट्टीला लिहिलेली पानं काढून पाहिली, तर त्यांत वाक्यं लांबलचक, एकमेकांत गुंतलेली, काही तर संपायचं नावच घेत नव्हती.

म्हणजे गृहस्थांचं निरीक्षण बरोबर होतं, कारण साफ चुकीचं होतं. व्यायामाने भाषा जात नाही. क्लासमधून थेट वहीवर उडी मारली की जाते. क्लायंटला कूलडाऊनशिवाय सोडत नाही ना आपण? मी आता क्लास आणि लिहिणं यांत निदान तासभर जाऊ देते, तोही संगीताशिवाय. अंघोळ, भांडी, खिडकीबाहेर बघत बसणं. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं, त्यांनी गट सोडला.

तुमच्या वेळेचं म्हणाल तर सकाळची शेवटची बॅच आणि संध्याकाळची पहिली बॅच यांच्यामधली गॅप हीच तुमची पहाट. तिथे पर्सनल ट्रेनिंग घ्यायचं नाही. "फक्त एकच क्लायंट" म्हणून सुरू होतं आणि दोन महिन्यांत गॅप गायब. दिवसाला ३०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला ४० आठवडे: ६०,००० शब्द. पहिल्या खर्ड्याला पुरे. फोनवर बोलून टिपणं ठेवा असं लोक सांगतात, पण पाच क्लासनंतर घसा बसलेला असतो, मला तर फोनशीसुद्धा बोलवत नाही. रात्री साडेआठच्या क्लासनंतर लिहायच्या भानगडीत पडू नका. अंग तापलेलं, डोकं टक्क जागं. वाटतं आता लिहूनच टाकू. लिहिलेलं सकाळी खोडावं लागतं आणि झोप गेलेली असते ती वेगळीच. आणि क्लायंटला दर चार-सहा आठवड्यांनी आपण डीलोड, म्हणजे हलक्या व्यायामाचा आठवडा, देतो, तसा एक आठवडा लिखाणालाही द्या. त्या आठवड्यात फक्त वाचा.

हे सगळं सांगतेय ती मला मुलंबाळं नाहीत आणि पर्सनल ट्रेनिंगच्या पैशांवर माझं घर चालत नाही म्हणून. तुमचं तसं नसेल तर गॅप राखा म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. मग निदान एक दुपार राखा.

ती कथा मी पुन्हा लिहिली. गृहस्थांचा ईमेल पत्ता आहे माझ्याकडे, अजून पाठवलेली नाही. पाठवण्याआधी प्रत्येक परिच्छेद पाय आपटत वाचून पाहतेय. आता फक्त एकाच ठिकाणी आठ काउंट सापडतात, आणि ते मी मुद्दाम ठेवलेत.