सर्च इंडेक्सरमुळे लॅपटॉप रखडतो. ती सर्व्हिस कायमची बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ चा लॅपटॉप सुरू केला की तासभर डिस्क १०० टक्क्यांवर असते, टास्क मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर’ सगळ्यात वर दिसतो, आणि मित्राने ती सर्व्हिस बंद करून टाकायला सांगितलंय. माझं ऐकाल तर एवढ्यात बंद करू नका. तो नेमकं काय वाचतोय ते आधी बघा.

इंडेक्सर म्हणजे जाड पुस्तकाच्या शेवटी जी शब्दसूची असते, ती करणारा कारकून. पहिल्यांदा त्याला सगळं वाचावं लागतं. त्यानंतर फक्त नव्या आणि बदललेल्या फायली. शिवाय तुम्ही काम करत असलात की तो आपणहून वेग कमी करतो. त्यामुळे नव्या मशीनवर एखादा दिवस तो धावला तर धावू द्यावं. पण महिनोन्‌महिने रोज तेच चालू असेल, तर कुणीतरी त्याला रोज नवं काम पुरवतंय.

मी एका छापखान्याचे आणि दोन कर सल्लागारांच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर सांभाळतो. छापखान्यातलं डीटीपीचं मशीन सकाळी साडेअकरापर्यंत हलायचं नाही. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मधून रिसोर्स मॉनिटर उघडला, ‘डिस्क’ टॅबमध्ये सर्चइंडेक्सर आणि त्याचा मदतनीस प्रोग्रॅम सर्चप्रोटोकॉलहोस्ट या दोघांपुढे टिक केली. खाली ते ज्या फायली उघडत होते त्यांची नावं सरकायला लागली. ‘लग्नपत्रिका दुरुस्त ३’, ‘लग्नपत्रिका फायनल’, ‘लग्नपत्रिका फायनल २’. आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच नावं, फक्त फोल्डरची तारीख वेगळी. तिथे उलगडा झाला. बॅकअपचा प्रोग्रॅम रोज रात्री सगळ्या कामाची नवी नक्कल ‘डॉक्युमेंट्स’च्याच आत ठेवत होता. इंडेक्सरच्या लेखी ती रोज नवी फाइल, म्हणून तो बिचारा रोज सगळं पहिल्यापासून वाचत होता.

‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडलंत की किती आयटम इंडेक्स झाले तो आकडा वरच दिसतो. छापखान्यात तो सहा लाखांच्या पुढे होता. मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार बहुतेकांचे आयटम ३०,००० च्या आत असतात आणि ४ लाखांच्या पुढे गेलं की वेगावर परिणाम दिसू शकतो. तुम्ही आउटलुक वापरत असाल तर एकेक ईमेलही यात मोजला जातो, हे विसरू नका.

उपाय साधा होता. बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला, मग ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’च्या ‘मॉडिफाय’मध्ये जाऊन जुन्या कामाच्या फोल्डरची टिक काढली. त्या फायली जुन्या, युनिकोड (मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या होत्या. पडद्यावर ‘निमंत्रण’ दिसतं, पण फाइलच्या आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तुम्ही ‘निमंत्रण’ शोधलंत तर ती फाइल मजकुरावरून कधीच सापडणार नाही. मग ती वाचण्यात डिस्क कशाला झिजवायची? नावावरून शोधायची झाली तर त्या फोल्डरमध्ये जाऊन आजही शोधता येते, जरा वेळ लागतो इतकंच. तुमच्याकडेही असे जुने मराठी दस्तऐवज असतील, तर आधी तेच वगळा.

तुम्ही सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘सर्चिंग विंडोज’ही (नव्या अपडेटनंतर नुसतं ‘सर्च’) बघा. तिथे ‘एन्हान्स्ड’ निवडलेलं असेल तर अख्खा कॉम्प्युटर इंडेक्स होतो. बहुतेकांना ‘क्लासिक’ पुरतं.

हे झाल्यावरच ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधलं ‘रिबिल्ड’ दाबा. बरेच जण सुरुवातच तिथून करतात, आणि मग जुनी सूची पुसून तेच लाखो आयटम पुन्हा वाचले जातात. रिबिल्ड रात्री लावा, चार्जर जोडलेला ठेवा, स्लीप बंद ठेवा. काही तास सहज जातात.

सर्व्हिस बंद केलीत तर डिस्क शांत होईल, हे खरं. पण आउटलुकमधला शोध मंदावतो, आणि एक्सप्लोररमध्ये काही शोधायचं म्हटलं की प्रत्येक वेळी फोल्डर न्‌ फोल्डर धुंडाळला जातो. कर सल्लागाराच्या ऑफिसात जुलै महिन्यात हे परवडत नाही. तुम्ही क्वचितच काही शोधत असाल तर बंद करा, माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवते, पण वाचण्या-लिहिण्याचा वेग जेमतेम काही केबी आहे, आणि इंडेक्सर थांबल्यावरही तसंच राहतं, असं असेल तर डिस्कच शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता आहे. तसं दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घाला. इंडेक्सर हजारो छोट्या फायली इकडून तिकडून वाचतो, आणि फिरत्या डिस्कला नेमकं तेच सगळ्यात जड जातं.

रिसोर्स मॉनिटरमध्ये कोणत्या फोल्डरची नावं परत परत येतात ते इथे लिहा, पुढचं बघू.