त्रिभुज प्रदेशातलं पाणी वाचवायला लोकांनी सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: नदी समुद्राला मिळते तिथल्या त्रिभुज प्रदेशात तुम्ही राहता, पाणी वर्षागणिक खारट होतंय, उन्हाळ्यात वर हिरवा थर धरतो. तीन निवेदनं दिलीत, तिन्ही वेळा 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आलं. आता काय करायचं, आणि ते हिरवं पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

अशा कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. 'पाणी स्वच्छ करा' ही मागणी सोडून द्या. तिला सगळेच हो म्हणतात आणि बंधन कोणावरच येत नाही. त्याऐवजी जागा, महिने आणि आकडा मागा: अमुक ठिकाणी, अमुक महिन्यांत खारटपणा या मर्यादेच्या वर जाता कामा नये.

याचं कारण पाण्याच्या वागण्यातच आहे. मुखाजवळ पाण्याची प्रत बरीचशी नदीत पाणी किती येतं यावर ठरते. नदीचा रेटा समुद्राला थोपवून धरतो. वर धरणात पाणी अडलं, कालव्याने दुसरीकडे वळलं, की रेटा कमी पडतो आणि खारं पाणी आत चढतं. मागे राहिलेलं संथ, कोमट पाणी आणि शेतांतून वाहून आलेलं नत्र-स्फुरद यांवर शेवाळ पोसतं. म्हणून गावाजवळच्या एका नाल्याशी भांडून भागत नाही. वर पाणी सोडायचं कोण ठरवतं, तिथवर जावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो–सान वाकीन त्रिभुज प्रदेशात हे आकड्यात कसं बांधलंय ते बघा. तळाजवळच्या पाण्यात दर हजारी २ भाग क्षार असतात ती जागा गोल्डन गेटपासून, म्हणजे तिथली खाडी समुद्राला मिळते त्या तोंडापासून, किती किलोमीटर आत आहे, हे मोजतात. या अंतराला 'एक्स-टू' म्हणतात. (समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण साधारण ३५ असतं.) १९९५च्या पाणी-आराखड्यात फेब्रुवारी ते जूनसाठी त्यावर अटी घातल्या गेल्या. दुष्काळात तिथल्या अटी सैल केल्या गेल्या, हेही खरं. पण सैल करायची तर अर्ज करावा लागतो, आदेश काढावा लागतो, आणि त्यावर हरकत घेता येते. तुमच्या निवेदनांत नेमकं हेच नव्हतं: मोडली तर दिसेल अशी अट.

अट मागायची तर आधी स्वतःच्या नोंदी हव्यात. आमची पहिली वही वाया गेली, ती का ते सांगतो. आठ महिने आम्ही पाचजण बाटल्या भरत होतो, ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा. सुनावणीत अधिकाऱ्याने एकच विचारलं, "हा नमुना भरतीचा की ओहोटीचा?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्याची काही चूक नव्हती. एकाच जागेचं पाणी सहा तासांत बदलतं. पुढच्या वेळी प्रत्येक नोंदीत तिथी, भरतीची वेळ, आदल्या दिवसांचा पाऊस आणि वाऱ्याची दिशा लिहिली. उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) या दोन्ही दिवसांच्या नोंदी ठेवल्या.

दुसरी गोष्ट, वरचं पाणी फसवतं. खारं पाणी जड असतं, ते गोड्या पाण्याखालून पाचरीसारखं आत सरकतं. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, तळाशी पोचल्यावर बूच ओढा. मी पहिल्यांदा असं पाणी वर काढलं, तेव्हा वरचा घोट गोड होता आणि बाटलीतला थेंब जिभेवर सरळ समुद्राचा लागला. चव कागदावर चालत नाही, त्यासाठी विद्युत वाहकता (क्षार वाढले की ती वाढते) मोजणारं छोटं यंत्र घ्या आणि काही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतही तपासून आणा. विरघळलेला ऑक्सिजन मोजणार असाल तर पहाटे, सूर्योदयाआधी मोजा. दुपारी शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडत असतं, आकडा छान दिसतो. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं आणि मासे पहाटे मरतात. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक मासे तिथे टिकत नाहीत.

आता माणसं जोडण्याबद्दल. स्पेनमध्ये २००१ साली कायदा झाला, एब्रो नदीचं वर्षाला १०५ कोटी घनमीटर पाणी दुसऱ्या खोऱ्यांत न्यायचा. मुखाजवळच्या लोकांनी आधीच, २००० साली, एब्रो बचावाचा मंच उभारला होता. गाठ मारलेला पाइप ही त्यांची खूण. मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते हे, की ते एकटे राहिले नाहीत. वरच्या बाजूच्या सारागोसातही मोठे मोर्चे निघाले, तिथल्या विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ पेद्रो आरोखो योजनेच्या हिशेबावर बोट ठेवत राहिले. आणि योजनेला युरोपीय संघाचा पैसा हवा होता, म्हणून लोक थेट संघाच्या मुख्यालयी, ब्रसेल्सला गेले. २००४ मध्ये ते पाणी वळवणं रद्द झालं. तुमच्या नदीवरही वरच्या गावांशी बोला. शत्रू समजून जाऊ नका, त्यांचंही पाणी कुणीतरी नेतच असतं. आणि पैसा कुठून येतो ते शोधा.

राहिलं पिण्याचं. नाही, उकळून चालणार नाही. हिरवा थर निळ्या-हिरव्या शेवाळाचा असेल तर त्यातली काही विषं उकळल्याने जात नाहीत, आणि पाणी आटलं तर उलट दाट होतात. क्षारांचंही तेच. थर असेपर्यंत ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, मुलांना आणि जनावरांना त्यात उतरू देऊ नका. थराचा फोटो तारखेसह काढून आरोग्य विभागाकडे वेगळा लेखी अर्ज आजच द्या, खारटपणाच्या मागणीत तो मिसळू नका.