हप्ता झेपत नाहीये, घर विकू की कर्जात बदल करून घेऊ?

प्रश्न: ताई, पाच वर्षांपूर्वी आम्ही 20 वर्षांचं कर्ज काढून मोठं घर घेतलं. आता ह्यांची नोकरी गेली, दुसरी मिळाली पण पगार निम्म्यावर आला, मुलं नोकरीला बाहेर गेली आणि वरच्या दोन खोल्या महिनोन्‌महिने बंद, दार उघडलं की कोंदट वास येतो. हप्ता अजून एकही चुकला नाहीये पण दर महिन्याला एफडी मोडून भरतोय. हे म्हणतात विकून छोटं घर घेऊ, दीर म्हणतात मुदत वाढवून घ्या. मला काहीच सुचत नाहीये.

उत्तर: एकही हप्ता चुकलेला नाही ही तुमची खूप मोठी जमेची बाजू आहे, म्हणून बँकेत जायचं ते आत्ताच, चुकल्यावर नाही. हप्ता थकला की रेकॉर्ड खराब होतं, दंड लागतो आणि मग तुमचं म्हणणं कोणी नीट ऐकूनही घेत नाही.

आधी कर्जाचं स्टेटमेंट काढा आणि मुद्दल आणि व्याज हे दोन रकाने बघा. समजा व्याज 9 टक्के आहे, तर 20 वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले 83 टक्के नुसते व्याजात जातात आणि पाच वर्षं नियमित भरूनही मुद्दल 11 टक्केच फिटलेलं असतं. हा आकडा बघून धक्का बसतो, पण पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे.

दीर म्हणतात तो मार्ग आहे, पण महाग आहे. उरलेली 15 वर्षं वाढवून 25 केली तर हप्ता साधारण 17 टक्क्यांनीच कमी होतो आणि इथून पुढे भरायचं व्याज पावणेदोन पटीच्याही वर जातं. पगार वर्षभरात पुन्हा वाढेल अशी खात्री असेल तरच हे करा, आणि पैसे आले की मुदत परत कमी करून घ्या. वरच्या खोल्या भाड्याने देता येतील का तेही बघा, तेवढ्या भाड्यावर कदाचित वर्ष निघेल.

तुमचं पत्र वाचून मला मात्र विकणंच जास्त पटतंय, कारण घर तुम्हाला मोठं पडतंय आणि एफडी संपल्यावर विकायची वेळ आली तर समोरचा घाईचा फायदा घेऊन भाव पाडणार. कर्ज असलेलं घर विकता येतं, त्यात काही चुकीचं नाही. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्यायचं, घेणाऱ्याच्या पैशातून ती आधी फेडायची, मग मूळ कागदपत्रं सुटतात, आणि घरावरचा बोजा उतरल्याचं लेखी घ्यायला विसरू नका. बाकी कर्ज, दलाली, कर, सामान हलवायचा खर्च सगळं वजा करून हातात काय उरतं तेच तुमच्या छोट्या घराचं बजेट. नवीन कर्ज धरून चालू नका, बँक आताचा निम्मा पगार आणि तुमचं वय बघणार, म्हणून व्यवहार ठरवायच्या आधीच नवीन कर्ज किती बसतं ते विचारून या.

प्रश्न: 20 वर्षांच्या कर्जाची 16 वर्षं झाली. दुसरी बँक कमी व्याज देतेय, ट्रान्सफर करू का?

उत्तर: शक्यतो नको. वरच्याच 9 टक्क्यांनी धरलं तर 36 टक्के मुद्दल बाकी असेल पण एकूण व्याजातलं जेमतेम 6 टक्केच भरायचं राहिलंय, त्यातली बचत प्रोसेसिंग फी आणि कागदपत्रांच्या खर्चातच जाईल. आधी तुमच्याच बँकेत दर कमी करायचा अर्ज द्या, नवीन ग्राहकाला ते काय दराने देतायत ते विचारा आणि तोच मागा. आणि ट्रान्सफर केलंच तर मुदत चारच वर्षांची ठेवा, "हप्ता अर्धा होईल" असं कोणी सांगितलं तर ती मुदत परत लांबवलेली असते.