व्हँकुव्हरला पहिल्यांदा येताय? एवढं सांभाळा

स्वागत! पहिल्याच आठवड्यात गाडी भाड्याने घेऊ नका. डाउनटाउनमध्ये पार्किंग महाग पडतं आणि स्कायट्रेन, बसने बहुतेक सगळीकडे जाता येतं.

- कंपास कार्ड (बस-ट्रेनच्या भाड्याचं कार्ड) घ्या. बसमध्ये फक्त चढताना टॅप करायचं, स्कायट्रेन आणि सीबसला (फेरी बोट) बाहेर पडतानाही. नवे लोक हेच विसरतात आणि तिन्ही झोनचं, म्हणजे सगळ्यात जास्त, भाडं कापलं जातं.
- नोव्हेंबर ते मार्च पाऊस रिपरिपतो. आपल्यासारखा कोसळत नाही, पण दिवसेंदिवस थांबतही नाही. टोपीचं चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट आधी घ्या, छत्री नंतर.
- झुलता पूल बघायचाय? लिन कॅन्यनचा फुकट आहे.

आणि ऊन पडलं की बाकी कामं सोडून स्टॅनली पार्कच्या सीवॉलवर (पाण्याकाठच्या पायवाटेवर) चालायला जा, अगदी नक्की!